ग्रंथमेळचा ताबा आणि माझी किल्ली

मी, शालिनी दिलीप खरवंडीकर, वय सदुसष्ट, निवृत्त संगणक-अध्यापिका, राहणार जगतपुरा, जयपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत. मी मात्र नवी आवृत्ती चढवण्याआधी जुनीची प्रत काढून ठेवणारी बाई आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी माझी एकुलती एक मुलगी अनुया हिला द्याव्यात. माझे दिवंगत पती दिलीप यांची विमा कंपनीतली बदली तीन वर्षांची म्हणून आम्ही अकोल्याहून इथे आलो आणि राहून गेलो. स्टेशनकडच्या खिडकीची कडी तेवढी बदलावी.

२. बगरूच्या ठसेछपाईच्या दोन्ही चादरी नणंद भार्गवी हिला. दर भेटीत "रंग उतरलाय गं यांचा" म्हणत ती त्यांच्यावरून हात फिरवत असते.

३. मागच्या खोलीतले दोन्ही संगणक, एक डेबियन या मुक्त कार्यप्रणालीवर चालणारा आणि एक तशाच फेडोरावर चालणारा, मी जिथे शिकवले त्या कॉलेजच्या मुलांना द्यावेत. आधी डिस्क पुसावी.

४. 'ग्रंथमेळ' या मुक्त वेब-प्रणालीबद्दल. लहान वाचनालये तिच्यावर पुस्तकांची देवघेव चालवतात. ती पुण्याच्या निलयने लिहिली. डेबियनच्या संगणकावर ती एका आज्ञेत बसावी आणि दुरुस्त्या आपोआप पोचाव्यात, यासाठी तिचे पॅकेज मी बांधत आले. सुरुवातीला खेड्यांत इंटरनेट नव्हते. मी सीडी भरायची आणि दिलीप ऑफिसला जाताना स्कूटरवरून पाकिटे पोस्टात टाकायचे. आत काय आहे हे त्यांनी कधी विचारले नाही. "आज कुठलं गाव?" एवढेच. मी चुरू म्हटले, वर्धा म्हटले, की दिवसभर त्यांना बरे वाटायचे. आता एक कळ दाबली की पॅकेज जाते. सोय झाली, पण गाव कुणी विचारत नाही.

निलय प्रत्येक आवृत्तीत दुसऱ्यांची जावास्क्रिप्ट, म्हणजे तयार आज्ञावली, पोटात कोंबून पाठवतो. डेबियनच्या नियमाने ती वेगळी काढावी लागते, म्हणजे एखादीत सुरक्षेचे भोक सापडले तर एकदाच बुजवता येते. "मावशी, चालतंय ना? मग कशाला उसवताय?" हे त्याचे ठरलेले उत्तर. निलयसाठी मी माझ्या सर्व दुरुस्त्या ठेवते. त्याने त्या मूळ प्रणालीत घ्याव्यात अशी इच्छा आहे. अट घालत नाही, कारण अट त्याने आजवर पाळलेली नाही.

५. सांभाळणारे कुणी नसले तर डेबियनमध्ये पॅकेज अनाथ जाहीर होते आणि काही काळाने यादीतून निघते. तसे झाले तर या वाचनालयांच्या दुरुस्त्या थांबतील. म्हणून ताबा पवन कुमावत यांच्याकडे जावा. त्यांचे ऑफिस इथेच, जयपूरच्या झालान्यात आहे आणि ते हेच पॅकेज फेडोरासाठी बांधतात. सेटिंगची फाइल कुठे असावी यावर आमचे इतकी वर्षे भांडण आहे. मी बरोबर आहे.

ताबा कागदाने मिळत नाही. नव्या माणसाची डिजिटल किल्ली, म्हणजे पॅकेजवर ज्याने सही होते तो गुप्त संकेत, जुन्याने समोरासमोर, ओळखपत्र पाहूनच खरी ठरवायची, असा आमच्यात रिवाज आहे. परवा ते आले तेव्हा मी म्हटले, "आधार कार्ड दिखाइए।"

"शालिनीजी! आपकी बेटी की शादी में पूड़ियाँ परोसी हैं मैंने!"

"पूड़ी वाले को पहचानती हूँ। पवन कुमावत को कार्ड देखकर पहचानूँगी।"

हसत त्यांनी कार्ड काढले आणि लगेच हात पुढे केला. "अब आपका।" मग त्यांनी आपल्या किल्लीची लांबलचक खूण एकेक अक्षर करून वाचली, मी पडताळली आणि माझ्या किल्लीने त्यांच्या किल्लीवर सही केली. जाताना म्हणाले, "फ़ाइल तो मैं अपनी जगह ही रखूँगा।" ठेवोत. तेव्हा मी भांडायला नसेन.

६. माझी स्वतःची किल्ली कुणालाही द्यायची नाही. अनुया म्हणाली, "आई, ती माझ्याकडे राहू दे ना. मतलब, निशानी म्हणून. मी वापरणार थोडीच आहे."

"तिच्यावर शेकडो संगणक विश्वास ठेवतात. मी गेल्यावर ती चालू राहता कामा नये."

किल्ली रद्द करण्याचा दाखला छापून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे. तो अनुयाने जाहीर करावा. बाकीचे विधी नंतर.

"म्हणजे मीच तुला रद्द करायचं?"

"मला नाही गं. सहीला. आधी पाठवलेलं सगळं माझ्याच नावावर राहील. पुढे माझ्या नावाने कुणी काही पाठवू शकणार नाही, एवढंच."

ती जयपुरात वाढली, हिंदी शाळेत शिकली. मराठी अक्षर लावून लावून वाचते. मग म्हणाली, "काय काय करायचं ते लिहून दे. इंग्लिशमध्ये नको. मराठीत लिही, मी वाचेन."

तो कागद सोबत जोडला आहे. अक्षर मोठे काढले आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यादेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. यांपैकी कुणालाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

सही: शालिनी दि. खरवंडीकर

साक्षीदार:
१. तारामती आनंदराव शेळगावकर, शेजारी
२. आनंदराव शेळगावकर, सुभेदार (निवृत्त)

जयपूर, ९ नोव्हेंबर २०२५