आठ वॅट आणि नाटकाचा भोंगा

मंगळवार, संध्याकाळ

तीन आठवडे खपून जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला, फक्त आठ वॅटचा. नव्या स्पीकरवर तो नुसता कुजबुजायचा. बायको म्हणाली, "यापेक्षा माह्या कुकरची शिट्टी बरी." लागलं मला. पण दोष अ‍ॅम्प्लिफायरचा नव्हताच. थोड्या वॅटात मोठं बोलणारा स्पीकर हवा, हे मले आधी काऊन सुचलं नाई?

आज गावच्या नाटकमंडळीचा जुना भोंगा मागून आणला. तेच आठ वॅट, आणि लावलेल्या गवळणीचा सूर थेट गावच्या तलावाच्या पल्याड गेला. दहा मिनिटांत तिकडचे मासेमार नामदेवभाऊ बायकापोरांसकट दारात उभे, काखेत चटया. "यंदा नाटक लवकर लागलं का जी? कुठी आहे?"

चटया अंगणातच अंथरल्या. बायकोनं सगळ्यांना चहा दिला आणि मला हळूच म्हणाली, "आवाज थोडा कमी करा जी."