रावसाहेबांचं सातवं प्रकरण

१४ नोव्हें. ८८, सोमवार. धुळे

मिळालं एकदाचं. नी. ना. कुरणकरांचं नवीन. धुळ्यात दोन दुकानांत नन्नाचा पाढा, म्हणून काल रविवार गाठून एस.टी.नं जळगाव. दुकानदार शिडीवर चढून वरून ओरडला, "एकच आहे, कोपरा दुमडलेला चालेल का?" म्हटलं, अर्धं असलं तरी द्या.

'रावसाहेबांना पुन्हा तहान'. पहिल्या 'रावसाहेबांची तहान'ला सहा वर्षं होऊन गेली. त्यातले रा.सा. रक्त पिणारं पिशाच्च, पण एकादशीला फक्त बीटाचा रस. कोणी 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, आणि गावातला जो तो म्हणणार, 'या एकदा सवडीनं'. बिचारे रा.सा. प्रत्येक दारात उपाशी उभे. सुमन या पानावर इतकी हसली होती की हातातलं भरताचं वांगं चुलीत पडलं.

मी स्वतः रक्तपेढीत. दिवसभर लोकांच्या दंडात सुई घालायची. त्या पुस्तकापासून सु. मला 'आमचे रावसाहेब' म्हणायची. शेजारीपाजारी सगळ्यांसमोर.

परतीच्या गाडीत पुस्तक उघडलं नाही. आमचा नियम आहे. मी मोठ्यानं वाचायचं, तिनं ऐकायचं, एकट्यानं पुढं जायचं नाही. नियम मोडायची ती. मी ड्यूटीवर असताना चोरून पुढचं वाचायची आणि खुणेला घातलेलं केळीचं सोपट, म्हणजे वाळल्या सालीची पट्टी, होतं त्याच पानात परत ठेवायची. चोर पक्का. पण संध्याकाळी मी वाचताना विनोद यायच्या आधीच फिसकन हसायची, आणि पकडली जायची.

श्रावणापासून सु. अंथरुणावर. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोळे उघडे असतात. डॉक्टर म्हणतात, बोलत राहा. तिच्यापर्यंत काय पोचतं, ते त्यांनाही सांगता येत नाही.

१५ नोव्हें.

पेढीत नानांनी पिशवीत पुस्तक पाहिलं. नाना म्हणजे आमचे शिपाई, पिंपळनेरचे. "साहेब, तुमनं काम बी रगतनं नि पुस्तक बी रगतनं शे! घर जाईसन तरी इसरा ना." सगळे हसले. मीही.

संध्याकाळी पहिलं प्रकरण. रा.सा. सहा वर्षं शवपेटीत झोपून उठतात, तर पेटीवर कोणीतरी ज्वारीची पोती रचून ठेवलेली. मी वाचलं, थांबलो. सु.कडे पाहिलं. छताकडे बघत होती.

पंखा बंद होता. तरी बघत होती.

१७ नोव्हें.

दुसरं प्रकरण. काही नाही.

खरं सांगायचं तर मलाही हसू आलं नाही. पण मी काय प्रमाण! मला विनोद कळतो तो नेहमीच सु.च्या हसण्यावरून. ती हसली की मी ती ओळ परत वाचायचो आणि मग मला कळायचं. सव्वीस वर्षं असंच चाललं. आता कुरणकर थकले की मी थकलो की ती... कसं ठरवायचं?

२० नोव्हें., रविवार

सावद्याहून अक्का आली. सु.ची थोरली बहीण. केळीची कापणी अर्ध्यावर सोडून आली, मुलांना म्हणाली, तुमची तुमी पहा. आल्या आल्या पदर खोचला. दुपारपर्यंत चादरी बदलून, केस विंचरून, सु.ची वेणी घालून झाली. श्रावणापासून पहिली नीट वेणी. माझ्या हातच्या वेणीला शेजारच्या मुली हसत.

संध्याकाळी मी पुस्तक काढलं तर अक्का दारातून, "काय वाचू राह्यले भाऊ?"

सांगितलं.

"भुताचं? आजारी मानसाजवळ भुताचं वाचतात का कोनी? पोथी वाचा."

म्हटलं, अक्का, हे गरीब भूत आहे. ती तोंडात पुटपुटत भाकरी करायला गेली, पण दार उघडंच ठेवलं. ऐकत होती.

२४ नोव्हें.

सातवं प्रकरण आधी डोळ्यांखालून घातलं. हल्ली तसंच करतो, दुपारच्या सुट्टीत पेढीत बसून. म्हणजे आता नियम मी मोडतोय.

बरं झालं पाहिलं. प्रकरणाचं नावच 'रावसाहेब पडतात'. रा.सा.ना लकवा होतो. जबडा एका बाजूनं लुळा, दात टेकवता येत नाहीत. बायको उमाबाई त्यांना चमच्यानं भरवते. अठरा पानं नुसतं हेच.

कुरणकरांचा राग आला. माणसानं कशावर विनोद करावा याला काही... इतकी वर्षं ज्यांचं पान न् पान जपलं त्यांनी असं लिहावं! पत्र लिहून कळवावं का? लिहायला घेतलं, टाकून दिलं.

संध्याकाळी सहावं संपवलं आणि सरळ आठवं सुरू केलं. सु.ला कसं कळणार! आठव्यात रा.सा. कुबडी घेऊन बाजारात. कुबडी कुठून आली, विचारणार कोण? जिथं तिथं आजाराचा उल्लेख आला तिथं उडी मारली. मागच्याही प्रकरणांत मी हेच करत आलोय. मरण, अंथरूण, वैद्य, सगळं गाळायचं. पिशाच्चाच्या पुस्तकात असं गाळलं की उरतं काय? ज्वारीची पोती.

२५ नोव्हें.

आज वाचताना सु.नं डोळे मिटून घेतले. झोपली असेल. मी थांबलो तर उघडले. पुन्हा सुरू केलं तर मिटले.

डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, थकवा. मी मान डोलावली. ती आत आहे की नाही, एवढंच मला विचारायचं होतं. विचारलं नाही. 'नाही' म्हणाले असते तर घरी कोणत्या तोंडानं आलो असतो?

२८ नोव्हें., सोमवार

वाचन बंद. पुस्तक कपाटावर ठेवलं. अक्का म्हणाली, "काउन? संपलं?"

"कंटाळा आला अक्का."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सु.ची चादर नीट केली. अक्का बोलली नाही की माणसानं घाबरावं.

१ डिसें.

आज अक्कानं मला झाडलं. लिहून ठेवतो, विसरायचं नाही.

मी जेवत होतो. ती सु.ला पेज भरवत होती, गळ्यात टॉवेल. मान वर न करता म्हणाली, "भाऊ, तुमी मधलं खाऊन जात होते."

"काय?"

"मले वाचता येत नही. पन पान उलटेल दिसतं. पहिल्या दिशी एका पानाले तुमाले जितला टाइम लागे, तितल्यात आता तीन पानं व्हतात. आन् ज्या ज्या टाइमले तुमी असे उडी मारता ना, ही डोये मिटून घेतं."

मी ताट पुढं सारलं.

"तिले समजतं का नही, देवाले ठाऊक," अक्का म्हणाली. "पन आमच्या सुमीले लहानपनापासून उष्टं खपत नही. अर्धं चावून कोनी देल्लं की थुकून टाके."

मी हात धुतला. पान तसंच राहिलं. मला खूप लाज वाटली. श्रावणापासून मी तिच्याशी बोलतोय ते तान्ह्या मुलाशी बोलावं तसं. हळू, गोड, खोटं. ओळखीचं कोणी वारलं तर 'गावाला गेले' म्हणून सांगतोय. तिच्या आवडत्या लेखकाची पानं मी तिच्यापासून लपवली. तिनं माझ्यापासून काही लपवलं असेल तर ते एवढंच, की पुढचं आधीच वाचून झालंय.

२ डिसें., शुक्रवार

सातवं वाचलं. पूर्ण. अठरा पानं.

सुरुवात करण्याआधी तिला सांगितलं, "सुमन, हे मी गाळलं होतं. रावसाहेबांना लकवा होतो. मला वाटलं तुला वाईट वाटेल." 'लकवा' हा शब्द या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला.

मग वाचत गेलो. रा.सा. म्हणतात, मी तीन तालुक्यांचा काळ. उमाबाई म्हणतात, काळ असाल तर आ करा, बीटाचा रस गार होतोय. शेवटी तो भाग आला, की ज्याच्या नावानं तीन तालुक्यांत तिन्हीसांजेला दारं लागायची, त्याच्या गळ्यात आज सुनेच्या माहेरचा टॉवेल, आणि त्यावर मोर.

सु.च्या गळ्यात टॉवेल होता. मोर नव्हता, पोपट होता. मी वाचताना मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

आवाज आला. मला वाटलं ठसका. पुस्तक टाकून उठलो. ठसका नव्हता. तोंडाची डावी बाजू वर गेलेली, डोळ्यांत पाणी, आणि घशातून तो आवाज, जुन्या हातपंपाला पहिलं पाणी येताना येतो तसा. डावा हात टॉवेलावर. पोपटावर.

अक्का दारात उभी. हसत होती की रडत होती कळलं नाही. "वाच ना रे भाऊ, थांबला काउन?" एरवी मला 'तुमी' म्हणते.

३ डिसें.

डॉक्टरांना धावत जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चांगला माणूस आहे. म्हणाले, "या आजारात कधी कधी उगाच हसू येतं, उगाच रडू येतं. त्याला अर्थ असेलच असं नाही. आशा ठेवा, पण त्यावर इमले बांधू नका."

बरं.

पोपटावर हात होता, हे त्यांना सांगायचं राहिलं.

४ डिसें., रविवार

कपाटातून सु.चा वाचायचा चष्मा काढला. श्रावणापासून तिथंच होता. पेढीतल्या स्पिरिटनं काचा पुसल्या. पुस्तक आणि चष्मा तिच्या डाव्या हाताशी उशीजवळ ठेवले. जुनं सोपट तुटलं, अक्कानं सावद्याहून आणलेल्या केळीच्या घडाला बांधलेलं होतं त्यातलं नवीन काढून दिलं. सातवं संपलं तिथं, एकशे बारा पानावर घातलं.

अक्का म्हणाली, "तिले काय करायचा चष्मा?" मी म्हटलं, असू द्या.

पहिल्या प्रकरणापासून पुन्हा सुरुवात. एकही ओळ न गाळता. ज्वारीची पोती उचलल्यावर रा.सा. पहिल्यांदा काय विचारतात, तर 'मी मेल्याचा दाखला कोणी काढला का?' हे मी गाळलं होतं. इतकी चांगली ओळ!

सु. हसली नाही. पण डोळे मिटले नाहीत.

७ डिसें.

रोज एक-दोन प्रकरणं. तिसऱ्यात हसली. पाचव्यात भलत्याच जागी, जिथं उमाबाईंचा भाऊ वारतो. डॉक्टरांचं म्हणणं आठवलं आणि जेवण गेलं नाही. नंतर ते पान परत वाचलं. भाऊ वारतो ते खरं, पण तो मेल्यावरही उसनी शिडी परत मागायला येतो. मला उशिरा कळतं, हे जुनंच.

पेढीत नाना विचारत होते, "वहिनी कशा शेत?" म्हटलं, पुस्तक ऐकतात. "मंग बठ्ठं चांगलं व्हई," म्हणाले.

१० डिसें., शनिवार

नववं वाचत होतो. हे मीही आधी पाहिलेलं नव्हतं. आता दहावं, शेवटचं, तेवढं उरलं. रा.सा. कुबडी टेकत एका घरासमोर उभे राहतात. म्हातारी दार उघडते. मी वाचलं, 'म्हातारीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली...' आणि पान उलटायला बोट ओलं केलं.

सु. हसली.

ओळ आलीच नव्हती. पलीकडच्या पानावर होती. उलटून पाहिलं: 'या, पण दात बाहेर काढून ठेवा, आत पाहुणे बसलेत.'

मी पुस्तक मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत बसलो. तिनंही पाहिलं. मग छताकडे.

सोपट होतं तिथंच होतं. असणारच. आजवर कधी हललंय? चष्मा उचलला, पेढीत काचपट्टीवरचं रक्त बघायची सवय, म्हणून उजेडात धरला. डाव्या काचेवर अंगठ्याचा ठसा. अख्खा, स्वच्छ.

अक्कानं अंथरूण झाडताना उचलला असेल. आल्या-गेल्यानं हात लावला असेल. आणि हसू उगाचही येतं, डॉक्टरांनी बजावलंय.

अक्काला विचारायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. ती भाकरी थापत होती. "काय पाह्यजे भाऊ?"

"पाणी," म्हटलं.

११ डिसें., रविवार

आज सुट्टी, पण पेढीत शिबिराची तयारी आहे सांगून बाहेर पडलो. शिबिर पुढच्या आठवड्यात आहे. अक्कालाही म्हटलं, चला, तुम्हाला बाजारात सोडतो, भाजी घ्या. शेजारच्या वहिनींना अर्धा तास दारात बसायला सांगितलं. आत जाऊ नका म्हटलं, झोपलीय.

झोपली नव्हती. जागी होती, मी काय काय करतोय ते बघत होती.

शेवटचं प्रकरण उरलंय, चौदा पानं. सोपट त्याच्या सुरुवातीला घातलं. पुस्तक डाव्या हाताशी ठेवलं. चष्म्यावरचा ठसा जपून ठेवावासा वाटत होता. पण त्यातून तिला दिसलं नसतं, म्हणून पुसला.

निघताना अक्का म्हणाली, "तो चष्मा फुटंल भाऊ तिथं. कपाटात ठेवू का?"

"राहू द्या."

उंबऱ्याशी वहाणा घालताना म्हटलं, "सुमन, आम्ही येतो. संध्याकाळी वाचू. पुढं जायचं नाही हं."