वाल कोणता, ७१ का ८२?

११ एप्रिल, शुक्र.
ह्यांचं डायलिसिस करून बीडहून येताना गाडी परत मांजरसुंब्याच्या घाटात उकळली. काटा लालला भिडला, बॉनेटातून वाफ. ह्यांना कठड्याला बसवलं, सावली टोपीएवढी. गाडीला अख्खी कॅन पाजली. ह्यांना पाणी मोजून प्यायचं, डॉक्टरची ताकीद. कॅनकडं असे बघत होते की मला रडू आलं. जन्मभर काळीपिवळी चालवलेला माणूस, आता स्टेअरिंगवर मी अन् हे बाजूच्या सीटवर.

१२ एप्रिल, शनि.
फाट्यावर रशीदभाईच्या गॅरेजात. रेडिएटर साफ, बेल्ट नवा, पंप ठीक. मग उकळते कावून? "ताई, ऊन लई हाय." म्हटलं, ऊन सगळ्यांनाच हाय, बाकीच्या गाड्या चढत्यात की! पाईपाच्या तोंडाशी एक रिकामी खोबण दिसली. हितं काय असतं? रशीदभाई हसले. "थर्मोस्टॅट वाल. मीच काढून टाकला. समद्याच गाड्यांचा काढतो, पाणी मोकळं फिरतं."
घरी ह्यांचंही तेच. "इंजिन गार असलं की पाणी अडवायला असतोय वाल. हितं काय हिमालय हाय का?"
बरोबर. पण मोकळं फिरतंय तर उकळतंय कसं? डोकं उठलं नुसतं.

१४ एप्रिल, सोम.
जयंती. मिरवणूक दारावरून गेली. हे उंबऱ्यातच, पाय सुजलेले. रात्री म्हणाले, "उद्या डायलिसिसला मी येनार न्हाई. घाटात तडफडन्यापरीस घरी मेलेलं बरं."
लई भांडले मी. काय बोलावं अशा माणसाशी?

१५ एप्रिल, मंगळ.
नाहीच आले. दवाखान्यात फोन केला. सिस्टर म्हणाली, शुक्रवार चुकवू नका, जीवावर बेतेल.
भीती वाटते. बसून तरी काय करू? एसटीनं एकटीच बीडला. दुकानदार: "वाल ७१चा देऊ का ८२चा?" म्हंजे तेवढ्या डिग्रीला उघडतो. कमी तो गार, हे तर पोरगंही सांगेल. तरी दोन्ही आणले.

१६ एप्रिल, बुध.
दोन्ही वाल पातेल्यात घालून गॅसवर ठेवले. सासूबाई आतून, "काय शिजतंय गं?"
"वाल."
"मग फोडनीचा वास कसा न्हाई?"
हे हसले! कितीतरी दिवसांनी. उठून गॅसपाशी आले.
७१वाला आधी उघडला, ८२वाला मागून. अन् उकळी आल्यावर दोन्ही सारखेच उघडे. म्हंजे घाटात इंजिन तापल्यावर ७१ काय अन् ८२ काय, फरक शून्य! मग वाल बसवून तरी उपयोग काय...
पण एक दिसलं. वाल उघडला की त्याच्या बुडाची चकती खाली सरकती. ती कशाला? हे वाकून बघत ऱ्हायले. "खाली एखादं भोक झाकत असंल," म्हणाले.

१७ एप्रिल, गुरु.
भोक हाय! रशीदभाईनं बॅटरी मारून दाखवलं. त्यातून गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात जातं. इंजिन तापलं की वालाची चकती तेच भोक बुजवते. वालच नाही तर भोक कायम उघडं, निम्मं पाणी गार होतच नाही.
"इतकी वर्सं काढतोय, भोक रोज दिसायचं," रशीदभाई म्हणाले. "कशाला हाय म्हनून बघितलंच न्हाई कधी. हर गाडीत नसतंय, पन हिच्यात हाय." ८२चा बसवला, कंपनीचा मूळ तोच. ७१नं इंजिन थंडीत नीट तापत नाही, डिझेल जास्त पितं म्हणे.
ह्यांना सांगितलं. तरी "न्हाई"च. शेवटी बोली झाली: उद्या गाडी घाटात उभी राहिली तर मी परत कधी चला म्हणायचं नाही.
हो म्हणून बसले मी. काय करून बसले?

१८ एप्रिल, शुक्र.
परत येताना घाटात पुढं लोड ट्रक. दुसऱ्या गिअरवर रांगत. काटा अर्ध्याच्या वर गेला. हे डायलिसिसनंतर झोपतात, आज टक्क जागे, नजर काट्यावर. काटा अजून थोडा चढला, मग थांबला. तिथंच. वर आलो तरी तिथंच.
मी तिसरा गिअर टाकला. हे म्हणाले, "आज आभाळ हुतं. आभाळात कुनाची बी गाडी चढंल. मंगळवारी कडक ऊन असंल, तवा बघू."
मंगळवारी. स्वतःच्या तोंडानं म्हणाले.