मस्तानीवरचं खापर

१२ मे, मंगळवार

सईला मी पाजलेली ती आंब्याची मस्तानी आज निर्दोष सुटली. आधी हे लिहिते, मग कुकर लावते.

साध्या फ्लूने पोरगी दोनदा आयसीयूत गेली आणि घरात खापर फुटलं ते मस्तानीवर. म्हणजे माझ्यावर. आज डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "थंड पिण्याचा काही संबंध नाही. विषाणू शिरला की शरीराला सावध करणारं एक जनुक असतं. हिच्यात त्याच्या दोन्ही प्रती सदोष आहेत. एक आईकडून आली, एक वडिलांकडून."

आत्या, म्हणजे माझी सासू, लगेच म्हणाली, "हिच्या माहेरचंच असणार."

"आत्या, माझं माहेर तेच तुझं माहेर."

सख्ख्या भावाची मुलगी हौसेने सून करून आणली, हे विसरली की काय?

घरात पूर्वी असं तापाने कोणी गेलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. आत्याने सईला जवळ ओढलं. मग म्हणाली, "माझा धाकटा भाऊ. आईने ताक पाजलं म्हणून गेला, असं सगळे तिला जन्मभर ऐकवत राहिले."

आता दरवर्षी लस, आणि ताप आला की त्याच दिवशी औषध. सई जूनपासून शाळेत जाणार. जाणारच.

परतताना मंडईपाशी आत्यानेच रिक्षा थांबवली. तीन मस्तानी सांगितल्या, सईचीही. माझा ग्लास माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "आई सुटली गं माझी."