चिंचेच्या कोळातले बादशहा

मु. होळी, वसई
गुरुवार

प्लासिड भाऊजींना चंद्रकांता वहिनीचा नमस्कार. रोझलिनचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सूनबाई रचना बरी, केळी बऱ्या. मी तेवढी तुम्हाला तोंड दाखवण्याच्या लायकीची राहिले नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि मला हे एका दमात सांगायचंय. म्हणून पाववाल्याच्या हाती ही चिठ्ठी. (तो वाचणार नाही. माझं अक्षर कुणालाच लागत नाही.)

तुम्ही रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ह्यांची रोमन नाणी न्यायला येणार. शेवटच्या दुखण्यात हे स्पष्ट म्हणाले होते, "सगळी प्लासिडला दे, त्याला त्यातलं कळतं." आता आपल्याकडे कुणाचं भांडं परत करायचं तर काळं कसं देणार? डबा उघडला तर सगळे बादशहा हिरवे, शेवाळ धरल्यासारखे. वाटलं, भाऊजी म्हणतील, नवरा गेला आणि हिने घराकडे बघणं सोडलं. मग चिंचेचा कोळ केला, मीठ घातलं आणि देवाची भांडी घासतात तसं एकेक नाणं नारळाच्या शेंडीने घासलं. कॉन्स्टंटाइनला जरा जास्तच, कारण तो हट्टी होता.

ताटात मांडली तेव्हा मी खूश होते. रचना वालीवहून कामावरून आली, म्हणाली, "आई, कालच कारखान्यातून आणल्यासारखी दिसतात." मी ते कौतुक समजले. कुठला बादशहा कोण ते चिठ्ठ्यांवर लिहून द्यावं म्हणून ह्यांचं पुस्तक काढलं. (इंग्रजी मी शब्दकोश घेऊन वाचते, त्यामुळे संकट मला नेहमी उशिरा कळतं.) तिथे पहिल्याच धड्यात लिहिलंय की नाणं घासू नये, हिरवी साय हेच त्याचं वय, ती गेली की नुसतं तांबं उरतं. मी पुन्हा ताटाकडे पाहिलं. कॉन्स्टंटाइनला नाक नव्हतं. नाण्याच्या मागच्या बाजूचे दोन भालेवाले शिपाई केळीच्या खुंटांसारखे उभे होते.

पुढचं सांगायला जास्त लाज वाटते. मी ती नाणी केळीच्या बुंध्याशी पुरली, ओल्या मातीत हिरवी होतील म्हणून. रचनाने विचारलं, "आई, नुसतं पाणी घालू की खतही?" चार दिवसांनी उकरली. तशीच लखलखीत. एकाला गांडूळ चिकटलेलं होतं, तेवढाच जुनेपणा.

टूथपिक घेऊन हे एकेका नाण्यापाशी तासन्‌तास बसायचे. मी म्हणायचे, द्या इकडे, घासणीने दोन मिनिटांत होईल. ते नुसते हसायचे. मला वाटायचं, पटलंय त्यांना.

तुम्ही रागवा, तो तुमचा हक्क आहे. फक्त रचनासमोर नको.

तुमची वहिनी,
चंद्रकांता

ता.क. रविवारी जेवूनच जा. केळफुलाची भाजी करीन. चिंच घालणार नाही.

पुन्हा ता.क. हात धुवायला याल तेव्हा मोरीच्या खिडकीत एक वाटी दिसेल. माती सुटावी म्हणून ह्यांनी एक नाणं बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात भिजत घातलं होतं. दर सोमवारी ते पाणी बदलायचे. आता मी बदलते. ते मी घासलं नाही. डब्यातल्या नाण्यांत ते माझ्या लेखी नव्हतंच, ते ह्यांचं अर्धं राहिलेलं काम होतं. अजून हिरवं आहे, चेहरा दिसत नाही. हे "सगळी" म्हणाले होते, म्हणजे तेही तुमचंच. पण भाऊजी, तेवढी वाटी मागू नका.