ठुशीखालची गाठ

डोंबिवली, ३ फेब्रुवारी १९५८

गाठ! गळ्याला, डावीकडे, सुपारीएवढी. आईला दाखवली तर म्हणते, "अगं बाई! आणि रविवारी कोपरीची माणसं तुला बघायला यायचीत!"

५ फेब्रुवारी

आईने तोड काढली — तिची घट्ट ठुशी. मान वर करायची नाही, खिदळायचं नाही. मी पाणी प्यायले, तर गाठीबरोबर ठुशीही टुणकन वर! धाकटी शालू हसून लोळली.

गळ्यावरून आठवलं. लहानपणी आम्हा दोघींच्या टॉन्सिलला ठाण्याला विजेचा शेक द्यायचे. आई आम्हाला कंपाउंडरच्या ताब्यात देऊन भाजीला जायची. शालू मशीनला भ्यायची. मग तिच्या नावाचा पुकारा झाला की पुन्हा मीच आत! एकाच ताग्यातले परकर, कंपाउंडरला काय कळतंय? शेकानंतर मिळणाऱ्या श्रीखंडाच्या गोळ्या दोन्ही मलाच. आईला अजून पत्ता नाही.

९ फेब्रुवारी

मुलगा त्र्यंबक. "मुंबईत नोकरी" एवढंच कळलेलं. तोंडातून शब्द काढील तर शपथ! मला राहवेना. मोठ्ठा घोट घेतला. ठुशी नाचली. शालूने तोंडात पदर कोंबला.

त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. "पुन्हा घ्या घोट. ठुशी काढता जरा?"

त्याची आई कडाडली, "अरे, मुलगी बघायला आलायस की पेशंट?"

डॉक्टर निघाला! विचारतो, "लहानपणी गळ्याला क्ष-किरण दिले होते? विजेचा शेक म्हणतात तो?"

"दोघींना!" आई ऐटीत म्हणाली. "तेव्हा नवीनच मशीन आलेलं."

त्याने त्याच्या मोठ्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. शालू माझ्याकडे बघत राहिली.

१४ फेब्रुवारी

त्र्यंबकच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. परदेशी मासिकांत येतंय म्हणे — लहानपणी शेक घेतलेल्यांना पुढे अशा गाठी होतात. मंगळवारी ऑपरेशन. गाठ वाईट आहे का, ते काढल्यावर कळेल. भीती वाटते. खूप वाटते.

धाकटीलाही आणा म्हणाले. आईने देव पाण्यात घातलेत.

१५ फेब्रुवारी

शालूचा गळा साफ! डॉक्टरांना नवल — "शेक दोघींनी सारखाच घेतला ना?" आई म्हणाली, "अगदी सारखा."

आईने पेढे आणले. शालूने तिचा खाल्ला नाही. माझ्या हातावर ठेवला.

दोन्ही मीच खाल्ले.