पाटावरचा लॅपटॉप

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार

आला एकदाचा लॅपटॉप! सोबत यशराजही आलाय. ह्यांचा धाकटा भाऊ, मुंबईच्या कंपनीत इंजिनिअर. दसरा होईपर्यंत उमरठला राहून घरूनच काम करणार म्हणे. सकाळी घट बसले आणि सासूबाईंचा पहिला प्रश्न मला — "पोराच्या मशीनला चार्जिंग हाय ना गो?"

लॅपटॉप भाकरीएवढा पातळ. एक किलोचा. यशराजने दोन बोटांत धरून उचलून दाखवला आणि "बिझनेस क्लास आहे" हे तीनदा सांगितलं. आम्ही विचारलं एकदाच होतं.

माझा अडीच किलोचा. महाडला दुरुस्तीवाल्या रितेशकडून जुनाच घेतलेला. त्याच्यावर नऊ वर्षं पोलादपूरला एस.टी. स्टँडसमोर लोकांचे फॉर्म भरतेय. ह्या साहेबांचा इंजिनिअरिंगचा फॉर्मही त्याच्यावरच भरला, मी. त्याची कोणाला आठवण नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज नीट बघून घेतला. भोकं दोनच, तीही नखाएवढी. पेनड्राइव्ह लावायचा तर मध्ये एक शेपूट लागतं आणि ते शेपूट साहेब मुंबईलाच विसरून आले. माझा प्रिंटर जोडता येत नाही, अंगठ्याचं यंत्र जोडता येत नाही. जोडलं तरी चालणार नाही, कारण कंपनीने सगळं बंद करून ठेवलंय. मग कसला तो बिझनेस!

मेमरी वाढवायची झाली तर? वाढत नाही म्हणे, आत चिकटवलेली आहे. माझ्यात रितेशने दोनदा मेमरी घातली, एकदा कीबोर्ड बदलला, स्क्रूड्रायव्हर मीच धरून उभी होते. हा उघडायचाच नाही. बिघडला की टाकायचा आणि नवा घ्यायचा. त्याच्या बटणांना आवाजसुद्धा नाही, मेलं टाइप झालं की नाही ते कळायचं कसं?

सासूबाईंना मात्र तो दिसला की पदर सावरावासा वाटतो. महाडची माणसं दसऱ्यानंतर त्यांच्या प्रियदर्शिनीचं यशराजशी पक्कं करायला येणार आहेत. "नोकरी बघून देतायत मुलगी," असं दिवसातून चारदा ऐकते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाच तास लाइट नव्हती. त्याचा चालू होता. माझा दुकानात तीन मिनिटांत बंद. हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

२८ सप्टेंबर, रविवार

आज टचस्क्रीनचा खेळ झाला! यशराजने लॅपटॉप उलटा दुमडून तंबूसारखा उभा केला. असा केला की बटणं बंद होतात, सगळं काम बोटानेच. ह्यांनी बोट लावलं — काही नाही. परत दाबलं, तर लॅपटॉप मान डोलावून मागे सरकला. तीस वर्षं कोयता धरलेलं बोट ते, त्याच्यावर कातडं नाही, चामडं आहे. सासूबाईंचंही बोट लागेना. "माझं बोट त्याला मानवत नाय," म्हणाल्या आणि हसत हात मागे घेतला. लाखाच्या वर किंमत आणि घरात कष्ट करणाऱ्या दोन माणसांना ओळखत नाही. साहेबांचं मऊ बोट लागलं की कसा पळतो!

एक गोष्ट मात्र बघितली. यशराज रोज सकाळी एकच मेल उघडतो, वाचत बसतो, बंद करतो. मी चहा घेऊन गेले की स्क्रीन फिरवतो. काय असेल ते असो. काचेत तोंड दिसतं ना स्वतःचं, तेच बघत असेल.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पाटावर कोयता, कुऱ्हाड, विळी, माळ्यावरची गंजकी तलवार, आणि मधोमध तो. झेंडूची माळ घालून!

पहिल्या वर्षी मी माझा लॅपटॉप ठेवला होता पाटावर. सासूबाईंनी उचलून बाजूला केला. "तो दुकानाचा हाय, दुकानात पूज." त्या वर्षी पंपाच्या स्टार्टरलासुद्धा फूल वाहिलं होतं. त्यानंतर कधी आणलाही नाही घरी.

आज यशराज अंघोळीला निघाला होता, लॅपटॉप बंद करायला गेला तर सासूबाई म्हणाल्या, काळा नको ठेवूस, उजेड असू दे, देवाला दिसला पाहिजे. म्हणून तो तसाच उघडा, तंबू करून ठेवून गेला. सासूबाईंनी कोयत्याला हळदकुंकू लावलं, कुऱ्हाडीला लावलं, मग पाण्यात बोट बुडवून कुंकवात घातलं आणि नेमकं काचेवर खाली टेकवलं. कोरड्या बोटाला न बधणारा लॅपटॉप ओल्या बोटाला बधला! उघड्या मेलचं पाठवायचं निळं बटण दाबलं गेलं आणि मेल गेली.

खाली काळी पट्टी आली, तिच्यात अन्डू. ते दाबलं की गेलेली मेल परत येते, दहाएक सेकंद असतं. पण माझ्या दोन्ही हातांत तबक होतं. कसली मेल होती तेही दिसलं नाही. असेल कंपनीतल्या साहेबाच्या हो ला हो. जाऊ दे म्हटलं.

आरती छान झाली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सोनं वाटलं. यशराज जेवला नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

यशराज दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिला, मग सांगितलं. ती मेल राजीनाम्याची होती. जूनमध्ये साहेबाशी भांडण झालं तेव्हा रागात लिहून ठेवली होती. पाठवायची नव्हती. रोज वाचली की बरं वाटायचं, एवढंच. साहेबाने त्याच दुपारी मंजूर केली. त्यांना माणसं कमी करायचीच होती.

मी विचारलं, चुकून गेली असं सांगितलं का. दोनदा फोन केला म्हणाला. "वहिनी, काय सांगू त्यांना? आईने कुंकू लावलं आणि राजीनामा गेला?" बोलताना हसला आणि मग डोळे पुसले.

आईला सांगायचं नाही, तिच्या जिवाला लागेल, म्हणाला. मी मान डोलावली. उठताना थांबला.

"तू तिथंच होतीस ना गो? तुला काय दिसलं नाय?"

"नाय, भाऊजी."

"दिसलं असतं तर तू थांबवलं असतंस," म्हणाला. माझ्या मशीनकडे बघून म्हणाला, माझा पहिला फॉर्म ह्याच्यावरच भरलास तू. आठवण होती तर त्याला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कुरिअरवाला लॅपटॉपचा खोका कंपनीला परत घेऊन गेला. भरण्याआधी यशराज काच पुसत होता. कडेच्या फटीत कुंकू बसलंय, ते काही निघेना. सासूबाईंना सांगितलंय की लॅपटॉप दुरुस्तीला चाललाय. दुरुस्तीला पाठवताना कोणी ओवाळत नाही, पण त्यांनी ओवाळला. महाडला मात्र ह्यांनी खरं सांगून टाकलं. ती माणसं आता येणार नाहीत.

८ ऑक्टोबर, बुधवार

एक तारखेचं पान परत वाचलं. खोटं आहे.

'रेझिग्नेशन' वाचलं होतं मी. अन्डूही वाचलं. दहापर्यंत मोजलं. तबक डाव्या हातात होतं, उजवा हात रिकामा होता.